गावरान मालदांडीतून बियाणे निवड: चार रब्बी हंगामांच्या नोंदी

पीक: रब्बी ज्वारी, कोरडवाहू. जमीन: सोलापूर जिल्ह्यातली भारी काळी, खोली मीटरभराच्या पुढे. हेतू: घरोघरी जपलेल्या गावरान मालदांडी ज्वारीतून टपोऱ्या दाण्याचं, खोडमाशीला (कोवळ्या रोपाचा कोंब मारणाऱ्या किडीला) टिकणारं आणि शेवटी पाण्याच्या ताणात उभं राहणारं बी वेगळं काढणं. मालदांडी ३५-१ हा प्रसिद्ध वाणसुद्धा मोहोळ इथे १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून असाच निवडून काढलेला आहे. म्हणजे वाट मळलेली आहे. पण त्या वाटेवरही चुकायला भरपूर जागा आहे, आणि चुकलं ते जास्त तपशिलात लिहिलं आहे.

२८ सप्टेंबर २०२१

दहा गुंठ्यांत प्रमाणित मालदांडी ३५-१ पेरली. एकरी चार किलो बी, दोन ओळींत ४५ सेंमी. कणसं काळी करणाऱ्या काणी रोगासाठी ३०० मेशचं गंधक किलोला ४ ग्रॅम, खोडमाशीसाठी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया. पुढे कळलं की या एका दिवसात दोन चुका झाल्या. त्या पुढच्या नोंदींत येतीलच.

५ फेब्रुवारी २०२२

काढणी. खळ्यावरच्या ढिगातून सगळ्यात मोठी ४० आणि सगळ्यात बारकी ४० कणसं वेगळी काढली. मोठ्यांचं सरासरी वजन ९२ ग्रॅम, बारक्यांचं २१. दोन्हींचं बी वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठ्या लावून.

डोळ्यांना फरक एवढा मोठा दिसतो की निवड झालीच असं वाटतं. पुढच्या वर्षी दोन्ही बी शेजारी शेजारी पेरून बघायचं ठरलं.

१० ऑगस्ट २०२२

पहिल्या चुकीचा उलगडा झाला. प्रमाणित बी म्हणजे शुद्ध वाण. त्यातली सगळी झाडं गुणांनी जवळपास जुळी भावंडं असतात. एकाचं कणीस ९२ ग्रॅम आणि दुसऱ्याचं २१ भरलं, ते एकाला ओल मिळाली आणि दुसरं दाटीत अडकलं म्हणून. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर हेच दाखवून दिलं होतं: एका शुद्ध वंशातलं मोठं बी पेरा की लहान, पुढच्या पिढीची सरासरी तीच राहते. निवडायला आधी वेगळेपणा लागतो. तो नसेल तर वर्षानुवर्षं मोठी कणसं वेचूनही बी आहे तिथंच राहतं.

म्हणून मूळ बी बदललं. मोहोळ आणि मंगळवेढा तालुक्यांतल्या घरांतून गावरान मालदांडी गोळा केली. विचारायचा प्रश्न एकच: किती वर्षं घरचंच बी आहे? दहा वर्षांच्या आतलं घेतलं नाही. एका घरचं बी दोन वर्षांपूर्वीच दुकानातून आणलेलं निघालं, ते परत केलं. शेवटी पाच घरचं, प्रत्येकी एक किलो. ताटात पसरलं की वेगळेपणा दिसतो: पांढरा आणि पिवळसर दाणा, काहींना चकाकी, काही मळकट, काही गोल, काही चपटे.

पाचही समान वजनानं मिसळून ५ किलो मिश्रण झालं. त्यातलं एक किलो ‘मूळ बी’ म्हणून बाजूला काढलं. पुढे प्रत्येक तुलना याच्याशीच होणार आहे. हे गोणपाटाच्या पिशवीत ठेवलं. (तसं ठेवू नका. २० सप्टेंबर २०२३ची नोंद वाचा.)

२७ ऑक्टोबर २०२२

ऑक्टोबरभर पाऊस हटला नाही, वाफसा (पेरणीजोगी ओल) आज आला. महिनाभर उशीर. वीस गुंठ्यांत मिश्रणातलं दोन किलो बी पेरलं.

पेरणीआधी सगळं रान दोरी आणि खुंट्या लावून दहा बाय दहा मीटरच्या २० चौकोनांत वाटलं. म्हणजे एक चौकोन जवळपास एक गुंठा. निवड चौकोनाच्या आतल्या आत करायची, चौकोनांची आपसात तुलना करायची नाही. ही युक्ती शास्त्रज्ञ गार्डनर यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत मक्यावर वापरली होती. गरज का पडते ते मार्चच्या नोंदीत आकड्यांसकट आहे.

या वेळी बीजप्रक्रिया फक्त गंधकाची. गेल्या वर्षीची दुसरी चूक हीच होती. औषध लावलं की माशीला बळी पडणारं झाड आणि तग धरणारं झाड दोन्ही सारखीच उभी राहतात, मग निवडायचं कुणाला? जो गुण हवा त्याच्या शत्रूला रानात येऊ द्यावं लागतं. गंधक मात्र सोडलं नाही. काणीचा रोग बियाबरोबरच येतो. तो या निवडीचा विषय नाही, उगाच निम्मी कणसं काळी करून घेण्यात फायदा नाही.

एका कडेला गेल्या वर्षीच्या मोठ्या आणि बारक्या कणसांच्या बियांच्या पाच-पाच मीटरच्या दहा ओळी, आलटून पालटून.

१२ नोव्हेंबर २०२२

विरळणी, आणि या प्रकल्पातली सगळ्यात शिकवणारी चूक.

दोन झाडांत १५ सेंमी ठेवून बाकीची उपटायची असं मजुरांना सांगितलं होतं. कुठली उपटायची हे सांगितलं नव्हतं. अनुभवी हात गर्द हिरवं, रुंद पानाचं रोप ठेवतो आणि फिकट पिवळसर रोप ‘रोगट’ म्हणून काढतो. दुपारपर्यंत आठ चौकोन झाले. उपटलेली रोपं बांधावर पडली होती. त्यांच्यातली बरीच फिकट आणि उन्हात चकाकणारी निघाली.

चकाकी हीच खोडमाशीला न आवडणाऱ्या रोपाची खूण आहे. अशा रोपाची पानं पहिले तीन आठवडे फिकट पोपटी आणि तुकतुकीत असतात. माशी पानाच्या खालच्या बाजूला लांबट पांढरं अंडं घालते, अळी एक-दोन दिवसांत बाहेर पडून पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांत, उतरते आणि वाढीचा कोंब कुरतडते. मग पोंगा सुकतो, ओढला की सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. चकाकीच्या रोपांवर मुळात अंडीच कमी पडतात. आठ चौकोनांत आपणच त्यांना आधी बाहेर काढलं.

ओळखायची सोपी रीत: सकाळी सूर्याकडे तोंड करून ओळीतून बघावं, चकाकी लगेच दिसते. शंका असेल तर पानावर पाणी शिंपडावं. साध्या पानावरून थेंब मोत्यासारखा घरंगळतो, चकाकीच्या पानाला पाणी चिकटून राहतं. महिनाभरानं ही खूण मावळते, म्हणून पहिल्या तीन आठवड्यांतच बघायचं.

उरलेल्या १२ चौकोनांतली विरळणी थांबवली. तिथे २५ दिवसांपर्यंत हात लावायचा नाही. पहिली विरळणी माशीला करू द्यायची, उरलेल्यातली आपण करायची. दाटीमुळे रोपं थोडी किडकिडीत होतात आणि ओलही थोडी खर्ची पडते. ते सोसलं.

३० नोव्हेंबर २०२२

पोंगेमर मोजली. प्रत्येक चौकोनात ठरवून चार ओळी, ओळीत सलग २५ झाडं. लवकर विरळलेल्या आठ चौकोनांत शंभरात ३१ पोंगे गेले, नंतर विरळलेल्या बारांत उरलेल्या झाडांपैकी शंभरात १९. हा आकडा जपून वाचावा, कारण बारा चौकोनांतली आधी मेलेली रोपं विरळणीतच निघून गेली होती. तरी दिशा स्पष्ट आहे.

पोंगा गेलेल्या झाडांना बुडातून फुटवे येतात आणि त्यांनाही कणसं लागतात. त्यांना निवडीतून बाद केलं. रब्बीत ती मुख्य पिकाच्या दोन आठवडे मागे पडतात आणि तोवर जमिनीतली ओल संपलेली असते.

१५ जानेवारी २०२३

फुलोरा. कुठलं झाड कधी फुललं याची नोंद ठेवली नाही. त्या वेळी गरज वाटली नाही.

४ फेब्रुवारी २०२३

दाणा चिकात आल्यापासून पाखरांची राखण सुरू. दिवसाला ३५० रुपये, २५ दिवस. आसपासची रानं आधी पेरलेली आणि निबर झालेली, त्यामुळे सगळे थवे या एका रानावर. उशिरा पेरलेल्या निवडीच्या रानात राखणीचा खर्च बाकी सगळ्याहून जास्त होतो, हे आधीच धरून चालावं.

७ मार्च २०२३

निवड. कणीस खळ्यावर गेलं की ते कुठून आलं हे कळत नाही, म्हणून उभ्या पिकातच खूण करायची. प्रत्येक चौकोनातून २५ झाडांना लाल सुतळी बांधली, एकूण ५००. बाद करायचे नियम असे होते: बांधाकडेच्या दोन ओळी नाहीत. ज्याच्या शेजारी मोकळी जागा पडली आहे ते झाड नाही; दोन्ही बाजूंना शेजारी हवेत. फुटव्याचं नाही. लोळलेलं नाही.

मोकळ्या जागेचा नियम मजुरांना पटवणं सगळ्यात जड गेलं. मोकळ्या जागेशेजारच्या झाडाचं कणीस दीडपट दिसतं आणि नजर पुन्हा पुन्हा तिथंच जाते. पण तो मोठेपणा शेजारी मेल्याचा आहे, बियात उतरणार नाही.

याखेरीज प्रत्येक चौकोनातून दहा झाडं पावलं मोजून, न बघता घेतली. ही २०० झाडं म्हणजे सगळ्या रानाची सरासरी. ती नसेल तर निवडलेली झाडं सरासरीपेक्षा किती वर होती हे कधीच कळत नाही.

१८ मार्च २०२३

वजनं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ९०० रुपयांना घेतला.

आधी चौकोनांचा हिशोब. पाचशेतली सगळ्यात जड १०० कणसं सरळ निवडली असती तर त्यातली ६३ खालच्या बांधालगतच्या पाच चौकोनांतून आली असती. तिथे गाळ साचतो आणि ओल टिकते. खळ्यावर मोठं कणीस निवडणारा माणूस बहुतेक वेळा बी निवडत नसतो, गाळाचा कोपरा निवडत असतो. प्रत्येक चौकोनातून पाच घेतल्यावर ही अडचण सुटली.

निवडलेल्या १०० कणसांचं सरासरी वजन ८८ ग्रॅम, रानाची सरासरी ४६. हजार दाण्यांचं वजन निवडलेल्यांचं ३७.४ ग्रॅम, रानाचं ३२.६.

प्रमाणित बियाच्या ओळींचा निकालही आला. मोठ्या कणसांच्या संततीचं सरासरी कणीस ४७ ग्रॅम, बारक्यांच्या संततीचं ४८. एक हंगाम वाया गेला असं म्हणता येईल, पण हा आकडा दाखवल्यावर दर वर्षी दुकानातल्या बियातून मोठी कणसं वेचणाऱ्या दोघातिघांचा वाद संपला.

प्रत्येक कणसाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात, आकडा घालून. एकत्र मळणी अजिबात नाही. शंभर कणसं हातानं चोळायला दोघांना दोन दिवस लागले.

२० सप्टेंबर २०२३

पेरणीपूर्वी उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून चार दिवस ठेवायचे. निवडलेल्या पाकिटांतले ९० ते ९६ उगवले. मूळ बियातले ५४.

पिशवी उघडली तर सोंडे आणि पीठ. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात होती म्हणून वाचली, मूळ बी गोणपाटात होतं म्हणून गेलं. नुसती उगवण कमी असती तर जास्त दाणे टाकून भागलं असतं. खरी अडचण वेगळी आहे. सोंडे मऊ दाणा आधी पोखरतात, म्हणजे उरलेलं बी हे मूळ बी राहिलं नाही, किड्यांनी त्यातून आपली निवड करून टाकली. डब्याबाहेरही निवड चालू असते, तीही आपल्याला न विचारता.

पाचपैकी चार घरांत तेच बी अजून शिल्लक होतं, ते पुन्हा आणून समान मिसळलं. पाचव्या घरी त्या वर्षी पेरणीच झाली नव्हती. म्हणून तुलनेचं बी चार घरांचं, हे खाली प्रत्येक आकड्याला लागू आहे.

आता साठवण अशी: दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवायचा, रात्रभर सावलीत थंड करायचा, मग पत्र्याच्या डब्यात गळ्यापर्यंत भरून झाकण मेणबत्तीनं बंद. अर्धा डबा रिकामा ठेवायचा नाही.

२ ऑक्टोबर २०२३

कणसाला ओळ. शंभर कणसं, प्रत्येकाची पाच मीटरची एक ओळ, आणि हेच सगळं दुसऱ्या ठिकाणी क्रम बदलून पुन्हा. एकूण २०० ओळी, साडेचार गुंठे. दर २० ओळींनंतर मूळ बियाची एक ओळ, अशा दहा. टोकण हातानं: १५ सेंमीवर दोन दाणे.

एका कणसाला दोन्ही ओळींसाठी पाच-सहा ग्रॅम बी पुरतं. बाकीचं पाकिटात परत. ही बचत महत्त्वाची आहे. ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळते, पण शेजारचा पराग काही प्रमाणात येतोच. शंभर वेगवेगळ्या ओळी खेटून उभ्या असताना त्यांचं बी शुद्ध राहत नाही. ओळी फक्त परीक्षेसाठी. उत्तीर्ण झालेल्यांचं बी पाकिटातलंच वापरायचं.

ऑगस्ट कोरडा गेलेला. ओल जेमतेम दोन फूट. आठ दिवसांच्या अंतरानं दोन कोळपण्या केल्या, भेगा बुजवायला.

२२ डिसेंबर २०२३

या वेळी प्रत्येक ओळ निम्मी फुलली तो दिवस लिहिला. मूळ बियाच्या ओळी सरासरी ७१ दिवसांनी फुलल्या. निवडलेल्या शंभर ओळींची सरासरी ७४. म्हणजे मोठं कणीस निवडताना नकळत तीन दिवसांचा उशीरही निवडला गेला. जास्त दिवस वाढणारं झाड जास्त पानं लावतं, उंच होतं, कणीसही मोठं करतं. हे गुण एकमेकांना बांधलेले आहेत, एक ओढला की दुसरा येतो. गेल्या जानेवारीत सुतळीच्या जोडीला फुलोऱ्याची तारीख लिहिली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं. गेल्या हंगामात ओल भरपूर होती, उशिरा फुलणाऱ्यांना दंड बसला नाही. या हंगामात तो बसला.

७० दिवसांच्या आत २२ ओळी फुलल्या, ७१ ते ७५ मध्ये ४१, त्यानंतर ३७. शेवटच्या ३७ पैकी २९ ओळींत निम्म्याहून जास्त झाडांचं कणीस पोटरीतच, म्हणजे शेवटच्या पानाच्या वेष्टनातच, अडकलं. कापून बघितलं तर आत पांढरं, वाळलेलं.

२० जानेवारी २०२४

खडखड्या, म्हणजे खोड आतून कुजून झाड लोळवणारा रोग. दाणे भरताना पाणी संपलं की झाड खोडातलं साठवलेलं कणसाला देतं, बुंधा पोकळ होतो आणि जमिनीतली बुरशी त्यात शिरते. खोड उभं चिरलं तर धागे सुटे आणि त्यांवर काळी राई उडवल्यासारखे ठिपके. वाऱ्यानं ओळच्या ओळ आडवी होते.

मोजायची रीत: प्रत्येक झाडाला कमरेच्या उंचीवर अंगठ्यानं हलकं ढकलायचं. मोडलं तर मोजायचं. आधीच लोळलेली मोजून थांबू नये, कारण आज उभी दिसणारी बरीच झाडं आतून गेलेली असतात.

एक ठळक दिसलं: ज्या ओळींची वरची तीन-चार पानं दाणा भरेपर्यंत हिरवी राहिली त्या उभ्या होत्या. हिरवेपणाची नोंद एक ते पाच गुणांत घेतली, दोघांनी स्वतंत्रपणे. एका माणसाचा ‘चार’ दुसऱ्याचा ‘तीन’ असतो, त्यामुळे एकट्याच्या गुणांवर विसंबू नये.

१० फेब्रुवारी २०२४

हिशोब. या वर्षी सगळंच हलकं, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करायची नाही. शेजारच्या मूळ बियाच्या ओळींशीच करायची.

हजार दाणे: निवडलेल्या ओळी ३१.३ ग्रॅम, मूळ २९.८. फरक दीड ग्रॅम. गेल्या वर्षी निवडलेली झाडं रानाच्या सरासरीपेक्षा ४.८ ग्रॅम वर होती. म्हणजे त्या चढाव्यातला जवळपास ३१ टक्के भाग मुलांत उतरला. कणसाचं वजन: ओळी ३४, मूळ ३१. फरक ३ ग्रॅम, आणि गेल्या वर्षीचा चढावा होता ४२. उतरला सात टक्के.

हा भागाकार प्रत्येकानं आपल्या रानात करावा. कणसाच्या वजनावर निवड करणं म्हणजे शंभर रुपये टाकून सात परत घेणं. दाण्याच्या वजनाला तीसेक रुपये परत येतात. वेळ थोडा असेल तर खळ्यावर कणसं उचलून बघण्याऐवजी प्रत्येक कणसाच्या मधल्या भागातले शंभर दाणे मोजून तोलावेत.

शंभरातून १४ ओळी ठेवल्या. चाळणी अशी: दोन्ही ठिकाणी ७३ दिवसांच्या आत फुलोरा, अंगठ्याच्या चाचणीत शंभरात दहाहून कमी मोड, आणि हजार दाण्यांचं वजन जवळच्या मूळ ओळीपेक्षा जास्त. एकाच ठिकाणी चांगली आणि दुसरीकडे पडेल अशा नऊ ओळी गाळल्या. त्यातली एक दिसायला सगळ्या रानात देखणी होती.

चौदा कमी आहेत. इतक्या थोड्या कणसांवर आलं की चांगल्या-वाईटाच्या पलीकडे नुसत्या योगायोगानंही काही गुण कायमचे गळून जातात. तीस ठेवायच्या असं आधी ठरलं होतं, पण चाळणीतून एवढ्याच उतरल्या आणि चाळणी सैल करण्यावर एकमत झालं नाही.

८ ऑक्टोबर २०२४

चौदा कणसांचं पाकिटातलं उरलेलं बी, साधारण ७०० ग्रॅम. त्यातून प्रत्येकाची दहा मीटरची वेगळी ओळ. शिवाय चौदाही समान मिसळून तुलनेचे वाफे: निवडलेलं मिश्रण, मूळ बी आणि प्रमाणित मालदांडी ३५-१. वाफा ५ बाय ४.५ मीटर, दहा ओळी, चार ठिकाणी पुन्हा, एकूण १२ वाफे. औषधाची बीजप्रक्रिया कुणालाच नाही. उरलेलं बी पाच गुंठ्यांत वाढीसाठी, इतर ज्वारीपासून शंभर मीटरहून लांब.

१८ डिसेंबर २०२४

चौदा ओळींत प्रत्येकी दहा कणसांना पिशव्या. कणीस पोटरीतून पूर्ण बाहेर पडलं पण शेंड्याचं पहिलं फूल उमललं नाही, हा दोन-तीन दिवसांचा काळ पकडायचा. ज्वारी शेंड्याकडून खाली फुलत येते. शेंडा फुललेला असेल तर तेवढा भाग कात्रीनं उडवून मग पिशवी. पिशवी बांधताना वरचं पान काढावं, नाही तर आत कुजतं.

बटरपेपरच्या पिशव्या तीन रुपयांना एक. शंभर मिळाल्या, उरलेल्या ४० ला प्लॅस्टिकच्या लावल्या. आठ दिवसांत आत घाम सुटून पराग भिजला. चाळीसपैकी ३३ कणसांत दाणा धरलाच नाही. कागदी पिशव्यांतही मावा वाढतो आणि चिकटा येतो, त्यामुळे १५ दिवसांनी काढून राखणीसाठी जाळी लावायची.

१४ फेब्रुवारी २०२५

चार वाफ्यांची सरासरी.

पोंगेमर शंभरात: निवड ११, मूळ १८, मालदांडी ३५-१ मध्ये १५.
फुलोरा: ६९, ७२, ७३ दिवस.
हजार दाणे: ३५.४, ३३.७, ३४.९ ग्रॅम.
धान्य वाफ्याला: ३.७, ३.५, ३.६ किलो.
उंची: २१४, २२६, २२१ सेंमी.
कडबा वाफ्याला: ९.१, १०.३, ९.९ किलो.

धान्य वाढलं असं लिहिता येणार नाही. एकाच बियाचे चार वाफे ३.१ पासून ४.१ किलोपर्यंत पसरलेले आहेत, त्यात दोनशे ग्रॅमचा फरक काहीच सांगत नाही. पोंगेमर आणि फुलोऱ्याचा फरक मात्र चारही ठिकाणी एकाच दिशेला आहे.

कडबा सुमारे बारा टक्क्यांनी घटला, आणि इथे खरा तोटा आहे. पहिल्या वर्षी डोळे झाकून उशीर निवडला, दुसऱ्या वर्षी दुष्काळानं आणि आमच्या चाळणीनं मिळून लवकर फुलणारी झाडं निवडली, तीही गरजेपेक्षा जास्त. लवकर फुलणारं झाड पानं कमी लावतं आणि ठेंगणं राहतं. एका दुष्काळी वर्षाच्या परीक्षेवर अंतिम निकाल लावला त्याची ही किंमत. ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांनी हे बी बघून नाक मुरडलं, आणि त्यांचं बरोबर आहे. रब्बी ज्वारीत बऱ्याचदा कडब्यावरच हिशोब जुळतो.

२ मार्च २०२५

चौदा ओळींच्या वेगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. त्यांत पाच अशा आहेत ज्या ७१ दिवसांच्या आत फुलल्या आणि तरी उंचीला मूळ बियाच्या बरोबरीच्या किंवा वर. म्हणजे लवकर फुलणं आणि ठेंगणेपणा यांची गाठ पक्की असली तरी प्रत्येक झाडात सारखी आवळलेली नाही. पाचांपैकी एकीची सगळीच कणसं प्लॅस्टिकच्या पिशवीतली होती, तिचं शुद्ध बी मिळालं नाही. चारांचं आहे, मिळून दोन किलोच्या आत.

पुढच्या हंगामासाठी बदल: त्या चार वेगळ्या, चौदांचं मिश्रण वेगळं. फुलोऱ्याची तारीख सुतळीच्या रंगावरून, पहिल्या आठवड्याला लाल, दुसऱ्याला पांढरी. कडब्याचं वजन पहिल्या दिवसापासून निवडीत. निकाल एका वर्षावर नाही.

खर्च, चालू हंगामाचा: नांगरट-पेरणी २,२०० रुपये, खुरपणी २,४००, पिशव्या ३०० आणि प्लॅस्टिकच्या ६०, राखण ८,७५०. एकूण १३,७१०. जवळपास दोन तृतीयांश पैसा पाखरांवर गेला. शेजारच्या तिघांनी एकाच आठवड्यात पेरणी केली तर थवे वाटले जातील आणि राखणदारही वाटून घेता येईल. याबद्दल बोलणं सुरू आहे.

मूळ बी या वेळी दोन किलो, दोन वेगळ्या घरांत, पत्र्याच्या डब्यांत. डब्यावर गोळा केल्याची तारीख आणि ‘हे पेरून संपवू नये’ अशी चिठ्ठी. दर तीन वर्षांनी त्यातलं अर्धं किलो पेरून, एकाही झाडाची निवड न करता, सगळ्या कणसांतून सारखे दाणे घेऊन नवं करायचं.